खेळणं तुमचं, नाव कंपनीचं

एप्रिल २०१६मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात चार दिवसांचा एक मेळा भरला. मेळ्याचं नाव बॉटकॉन. विषय एकच, ट्रान्सफॉर्मर्स. मोटारीचा यंत्रमानव होतो, विमानाचा यंत्रमानव होतो, पुन्हा मोटार आणि विमान होतं, ती प्लॅस्टिकची खेळणी. आलेल्यांत लहान मुलं होती, पण मेळा खरा मोठ्यांचा होता. १९८४मध्ये ही खेळणी बाजारात आली तेव्हा जे सात-आठ वर्षांचे होते ते आता चाळिशीला टेकले होते. वर्षाची सुट्टी राखून, महिनोन्‌महिने आधी नोंदणी करून ते या चार दिवसांसाठी येत. लुईव्हिलचा हा मेळा त्या अधिकृत मालिकेतला अखेरचा ठरला. बावीस वर्षं गावोगाव फिरलेला मेळा थांबला, आणि तो थांबायला चाहत्यांचं प्रेम आटल्याचं कारण नव्हतं. मेळा भरवणाऱ्या कंपनीला खेळण्यांच्या मालक कंपनीकडून मिळालेला परवाना संपला होता.

या एका वाक्यात खेळण्यांच्या जगातला मोठा व्यवहार दडलेला आहे. बाहुली, विटा, सैनिक, यंत्रमानव ही नुसती खेळणी राहून आता बराच काळ झाला. त्यांचे सिनेमे आहेत, कॉमिक्स आहेत, कपडे आहेत आणि शहरोशहरी फिरणारी प्रदर्शनंही आहेत. फिरतं प्रदर्शन किंवा मेळा भरवायचा तर खेळण्याचं नाव वापरायला मालकाची परवानगी हवी. ती बहुतेकदा एकाच संयोजकाला, ठरावीक वर्षांसाठी आणि ठरावीक प्रदेशापुरती मिळते. ज्याला मिळते त्याच्या हातात दरवाजाची किल्ली येते. ज्यांच्या प्रेमावर हा सगळा डोलारा उभा आहे, ते चाहते मात्र त्या कागदावर कुठेच नसतात.

कागदावर काय असतं?

इंग्रजीत ज्याला एक्स्क्लुझिव्ह लायसन्स म्हणतात त्याला कायद्याच्या मराठी भाषेत अनन्य परवाना म्हणतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम २मध्ये त्याची व्याख्या आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. असा परवाना घेणाऱ्याला जो हक्क मिळतो तो इतर सर्वांना वगळून मिळतो, आणि या ‘इतर सर्वां’मध्ये खुद्द मालकही येतो. म्हणजे घर भाड्याने दिल्यावर घरमालकालाही न विचारता आत शिरता येत नाही, तसं. त्याच कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द परवान्याचे प्राण असतात. पुढे दिसेल की चाहत्यांची फरफट याच दोन शब्दांपायी होते.

व्यवहाराची रीत साधारण अशी असते. संयोजक मालक कंपनीला सुरुवातीला आगाऊ रक्कम देतो. शिवाय किमान हमी लिहून देतो: तिकिटं विकली जावोत न जावोत, इतके पैसे तुम्हाला पोचतील. त्यावर विक्रीचा ठरावीक टक्का रॉयल्टी म्हणून जातो. प्रदर्शनातलं प्रत्येक चित्र, प्रत्येक फलक, दुकानातला प्रत्येक टी-शर्ट आधी कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. बार्बी बाहुलीच्या गुलाबी रंगाची छटासुद्धा ठरलेली असते. एवढी जोखीम घेणाऱ्याला एक खात्री हवी असते, की आपण पुढच्या महिन्यात ज्या शहरात तंबू टाकणार तिथे दुसरं कुणी तेच नाव लावून आधीच तिकिटं विकून गेलेलं नसेल. अनन्य परवान्यामागचं हे कारण खरं आहे आणि रास्तही आहे. हॉल भाड्याने घेणं, ट्रक भरभरून सामान हलवणं, विमा, कामगार, जाहिरात हा खर्च तिकिटं विकली जाण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो.

पण या खात्रीची किंमत कोण चुकवतं, हे पाहायचं तर बॉटकॉनची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागते.

फोर्ट वेन ते लुईव्हिल

१९९४ साली ट्रान्सफॉर्मर्सचे दिवस चांगले नव्हते. दहा वर्षांपूर्वी हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने ताकारा या जपानी कंपनीची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ ही खेळणी घेऊन, त्यांना नवी नावं आणि नवी कथा देऊन ट्रान्सफॉर्मर्स उभे केले होते. १९८६च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइम या नायकाला मारून टाकलं, तेव्हा थिएटरात मुलं रडली होती आणि पुढच्याच वर्षी मालिकेत त्याला परत आणावं लागलं होतं. ती लाट मात्र ओसरली. अशा वेळी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात काही चाहत्यांनी एकत्र जमायचं ठरवलं. पहिला बॉटकॉन असा भरला. तेव्हा बहुतेकांची ओळख नियतकालिकांतल्या पत्रांतून किंवा नव्या इंटरनेटवरच्या चर्चागटांतून झालेली होती. तोंडं प्रथमच दिसत होती.

पुढच्या वर्षी मेळा ओहायोतल्या डेटनला गेला. मग शिकागोजवळ, रोचेस्टरला, अनाहाइमला, सेंट पॉलला, डरहॅमला. वारीसारखा तो फिरत राहिला, फरक एवढाच की पंढरपूर दरवर्षी बदलत होतं. १९९६मध्ये ‘बीस्ट वॉर्स’ ही नवी मालिका आली, तिच्या लेखकांनी जुन्या कथेचे धागे चाहत्यांशी बोलून, चाहत्यांकडून समजून घेऊन गुंफले. कंपनीला जेव्हा या खेळण्यात फारसं भविष्य दिसत नव्हतं तेव्हा आठवणी सांभाळल्या त्या चाहत्यांनी. यादी त्यांनी केली, कोणत्या साच्यातून कोणतं खेळणं निघालं याचा इतिहास त्यांनी लिहिला.

मेळा मोठा झाला तसा कागद आला. संयोजकांची थ्री-एच नावाची कंपनी झाली. २००३ आणि २००४मध्ये मेळ्याचं नावच ‘ऑफिशियल ट्रान्सफॉर्मर्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन’ झालं. अधिकृतपणाचा शिक्का बसला, मेळ्याची खास खेळणी आणि खास कॉमिक्सही निघत राहिली. आणि मग २००४नंतर थ्री-एचकडे परवाना राहिला नाही. त्यांच्या कॉमिक्समधली ‘रेकर्स’ या पथकाची कथा ऐन रंगात आलेली असताना अर्धवट राहिली. कथा कुणाची, हा प्रश्न इथे प्रथम उघडा पडला. लेखक होते, वाचक होते, पण परवाना नव्हता म्हणून शेवट नव्हता. तो शेवट पुढच्या परवानाधारकाने काही वर्षांनी छापला.

हा पुढचा परवानाधारक म्हणजे टेक्सासमधली फन पब्लिकेशन्स. २००५मध्ये टेक्सासातल्याच फ्रिस्को गावी त्यांनी बॉटकॉन हे नाव परत आणलं. लेक्सिंग्टन, प्रॉव्हिडन्स, सिनसिनाटी, पासाडेना, ओरलँडो, डॅलस, सॅन डिएगो असा मेळा अकरा वर्षं पुन्हा फिरला. याच कंपनीकडे हॅस्ब्रोच्या ‘जी. आय. जो’ सैनिकांच्या मेळ्याचाही परवाना होता.

या वर्षांत चाहत्यांना काय मिळालं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खेळण्याचा पोलादी साचा बनवणं फार खर्चाचं काम असतं. हजारो, लाखो नग विकले गेले तरच तो खर्च निघतो. पण साचा तयार असेल तर त्यात वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिक ओतणं आणि फक्त डोक्याचा तुकडा नवा करणं तुलनेने स्वस्त पडतं. मेळ्यासाठीची खास खेळणी अशीच निघत: कंपनीचा साचा, नवा रंग, नवं डोकं, नवं नाव. दुकानात ज्या पात्राचं खेळणं कधीच आलं नसतं ते इथे थोड्या नगांत मिळे. परवाना नसता तर कारखान्यातला तो साचा या कामासाठी कुणी दिला नसता.

२००८चा संच याचं उत्तम उदाहरण आहे. त्याचं नाव ‘शॅटर्ड ग्लास’, फुटलेली काच. त्यात सगळं जग उलटं केलेलं होतं. नायक ऑप्टिमस प्राइम इथे क्रूर हुकूमशहा होता आणि खलनायक मेगाट्रॉन न्यायासाठी लढणारा बंडखोर. दोन्ही पक्षांच्या चिन्हांचे रंगही अदलाबदल केलेले. प्राइमच्या ऑटोबॉट पक्षाचं नेहमीचं तांबडं चिन्ह जांभळं झालं, मेगाट्रॉनच्या डिसेप्टिकॉनांचं जांभळं चिन्ह तांबडं झालं. हातात घेतल्यावर आधी डोळ्यांना खटकावं आणि मग गोष्ट कळावी, अशी ही रचना होती. संच मेळ्यापुरता होता, वाचक मूठभर होते. पण ती कल्पना टिकली, आणि २०२१मध्ये हॅस्ब्रोने स्वतःच ‘शॅटर्ड ग्लास’ नावाने खेळणी आणि कॉमिक्स काढली. मेळ्यात रुजलेलं रोप मालकाच्या बागेत गेलं.

दुसरी बाजूही होती. खास खेळण्यांसह प्रवेशाचं पॅकेज शेकडो डॉलरना मिळे. नग मोजके, त्यामुळे ते मेळ्याबाहेर येताच चढ्या भावाने विकले जात. ज्याला हा खर्च परवडत नाही, त्याच्या संग्रहात ती फट कायमची राहणार. शिवाय अधिकृत मेळा म्हटल्यावर मालकाच्या पसंतीनापसंतीचे नियम आले. ट्रान्सफॉर्मर्सच्या जगात छोट्या कारखानदारांची, परवान्याशिवाय बनवलेली ‘थर्ड पार्टी’ खेळणी हा चाहत्यांच्या आवडीचा विषय. बॉटकॉनच्या विक्रीदालनात त्यांना जागा नव्हती. मालकाच्या दृष्टीने ते स्वाभाविकच, पण चाहत्यांच्या निम्म्या गप्पा ज्याविषयी, तेच टेबलावर नाही अशी ही अवस्था.

मग २०१६ आलं आणि परवाना संपला. पुढच्या वर्षी, ८ ते १० सप्टेंबर २०१७ला, हॅस्ब्रोने आपल्या घरच्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्सला, हॅसकॉन नावाचा स्वतःचा भव्य मेळा भरवला. त्यात ट्रान्सफॉर्मर्स होते, माय लिटल पोनी होती, नर्फच्या बंदुका होत्या, मॅजिकचे पत्ते होते. एकाच खेळण्यावर जीव टाकणाऱ्यांचा जमाव आता कंपनीच्या सगळ्या मालाच्या दालनातला एक कोपरा झाला. हॅसकॉन पुन्हा भरला नाही.

गोव्यात घडलेला सैनिक

परवान्यातला दुसरा प्राण म्हणजे प्रदेश. त्याची गोष्ट मराठी वाचकाच्या अंगणातून जाते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी उभी राहिली आणि तिचा कारखाना गोव्यात सुरू झाला. भारतापुरत्या हक्काने तिथे जी. आय. जोचे सैनिक बनू लागले. मुंबई-पुण्यात, नाशिक-कोल्हापुरात नव्वदच्या दशकात वाढलेल्या अनेकांच्या खोक्यात त्यातला एखादा अजून असेल. उंची जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. पाठीत एक बारीक स्क्रू. तो सोडवला की छाती आणि पाठ वेगळी होते आणि आत एक काळी रबरी कडी दिसते. त्या कडीच्या ताणावर कंबर आणि पाय धडाला जोडलेले असतात. म्हणूनच तो कमरेत वळतो, गुडघ्यात वाकतो, बसतो. वर्षानुवर्षं खेळून रबर वाळतं आणि एके दिवशी सैनिकाचे दोन तुकडे हातात येतात. घड्याळाच्या दुकानातला पेचकस आणि नळाच्या दुकानातलं वॉशर घेऊन तो पुन्हा उभा करणारी मुलं होती.

हे साचे हॅस्ब्रोकडून आलेले होते, पण रंग इथले. अमेरिकेत जो हिरव्या गणवेशात होता तो इथे पिवळ्या किंवा निळ्या गणवेशात निघे. कुणाचं शिरस्त्राण वेगळं, कुणाच्या छातीवरचं चिन्ह वेगळं. १९९४मध्ये अमेरिकेत ही जुनी मालिका बंद पडली, तरी गोव्यातला साचा चालूच राहिला. परिणाम असा झाला की अमेरिकी संग्राहकांना भारतीय सैनिक हवासा वाटू लागला. तिथले व्यापारी ते मागवू लागले. करारातल्या ‘फक्त भारतात’ या शब्दांनी इथल्या मुलांना परवडणाऱ्या किमतीत खेळणं दिलं, आणि त्याच शब्दांनी तिकडच्या संग्राहकासाठी ते दुर्मीळ केलं. एका परवान्याचे हे दोन्ही परिणाम होते, आणि दोन्ही ठिकाणी चाहते कुंपणापलीकडे हात घालतच होते.

प्रदेशाच्या रेषेचा सगळ्यात लख्ख अनुभव मात्र इंटरनेटने दिला. स्क्रॅबल या शब्दखेळाचे हक्क अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रोकडे, उरलेल्या जगात बार्बी बनवणाऱ्या मॅटेलकडे. कोलकात्याच्या दोन भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाने तो खेळ इंटरनेटवर आणला आणि २००७मध्ये फेसबुकवर तो लाखो लोकांच्या रोजच्या सवयीचा झाला. मुलगा न्यू जर्सीत आणि आई दादरला, दोघं एकाच पटावर शब्द मांडतायत हे प्रथम शक्य झालं. जुलै २००८मध्ये हॅस्ब्रोच्या दाव्यानंतर तो अमेरिका-कॅनडात बंद झाला. इकडे मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८मध्ये न्यायालयाने पटाच्या रचनेवरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण स्क्रॅबलशी मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली. खेळ मोकळा, नाव बंदिस्त. त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परवानाधारकांकडून अधिकृत खेळ आणले, पण एक फक्त अमेरिका-कॅनडासाठी आणि दुसरा बाकी जगासाठी. आई आणि मुलगा आता एका पटावर येऊ शकत नव्हते.

गुलाबी घराचा फेरफटका

बार्बीच्या जगात परवान्याचं आणखी एक रूप दिसतं. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मॅटेलच्या रूथ हँडलर यांनी ही बाहुली आणली. तिच्या संग्राहकांचं संमेलन १९८०मध्ये सुरू झालं आणि तेही शहरोशहरी फिरतं. तिथे बाहुल्या घेऊन येणारे, बाहुल्यांचे कपडे स्वतः शिवणारे, जुन्या बाहुलीचे केस नव्याने रोवणारे लोक जमतात. म्हणजे येणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं आणि ते तो दुसऱ्याला दाखवतो.

आता परवान्याने चालणारी फिरती बार्बी प्रदर्शनं पाहावीत. मे २०१३मध्ये बर्लिनमध्ये, अलेक्झांडरप्लाट्झजवळ, अडीच हजार चौरस मीटरचं गुलाबी ‘ड्रीमहाऊस’ उभं राहिलं. मॅटेलचा परवाना घेऊन ते दुसऱ्या कंपनीने उभारलं होतं. बाहेर टाचेच्या बुटाच्या आकाराचं भलंमोठं कारंजं होतं, आणि मुलींना काय शिकवायचं यावरून निदर्शनंही झाली. २०२२मध्ये कॅनडातल्या मिसिसॉगा शहरातल्या मॉलमध्ये ‘वर्ल्ड ऑफ बार्बी’ आलं, मग २०२३मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला गेलं. माणसाच्या मापाचं घर, माणसाच्या मापाची कॅम्पर गाडी. पाहुण्याने आत जायचं, फोटो काढायचे, दुकानातून बाहेर पडायचं. लहान मुलीला त्यात खराखुरा आनंद मिळतो आणि तो नाकारण्याचं कारण नाही. पण या मांडणीत चाहता प्रेक्षक असतो, त्याच्या संग्रहाला किंवा त्याच्या माहितीला तिथे जागा नसते. संमेलनात जी बाई पस्तीस वर्षांचा संग्रह घेऊन टेबलामागे बसलेली असते, ती इथे तिकीट काढून रांगेत उभी असते.

लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०२४मध्ये बाहुलीच्या पासष्टाव्या वर्षी मॅटेलबरोबर जे प्रदर्शन भरवलं ते यापेक्षा वेगळं होतं. तिथे बाहुली रचनाकलेची वस्तू म्हणून मांडलेली होती: चेहरा कसा बदलत गेला, बांधा कसा बदलला, घराची सुरुवात पुठ्ठ्यापासून कशी झाली. संग्रहालयाची शिस्त आणि कंपनीचा परवाना एकत्र नांदू शकतात याचा हा दाखला. मात्र कंपनीच्या सहकार्याशिवाय कुणी बार्बीविषयी बोलूच नये असं नाही, हे अमेरिकी न्यायालयांनीही सांगितलेलं आहे. ‘बार्बी गर्ल’ या गाण्यावरून मॅटेलने केलेला दावा २००२मध्ये अपिलात फेटाळला गेला. बार्बीला स्वयंपाकघरातल्या उपकरणांत ठेवून छायाचित्रं काढणाऱ्या टॉम फोर्साइथ या कलावंतावरचा दावाही कंपनी हरली आणि तिला त्याच्या वकिलांचा अठरा लाख डॉलरहून अधिक खर्च द्यावा लागला.

मोकळी वीट

परवान्याची गरज किती पातळ होऊ शकते ते डेन्मार्कच्या लेगोने दाखवलं, थोडं स्वतःहून आणि थोडं न्यायालयांमुळे. आजच्या लेगो विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं. पेटंटची मुदत संपल्यावर कंपनीने विटेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखायचा प्रयत्न केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१०मध्ये तो अमान्य केला. आठ उंचवट्यांच्या विटा एकमेकींत बसतात त्या त्यांच्या उपयोगासाठी, आणि उपयोगाची मक्तेदारी ट्रेडमार्कच्या आडून कायमची मिळवता येत नाही, असा त्यामागचा विचार. नाव आणि चिन्ह कंपनीचं, वीट सगळ्यांची.

म्हणून न्यूयॉर्कचा एक वकील, नेथन सवाया, नोकरी सोडून विटांची शिल्पं करू शकला. २००७मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर म्युझियममध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन झालं आणि पुढे ‘द आर्ट ऑफ द ब्रिक’ नावाने ते देशोदेशी फिरलं. नावात कंपनीचा उल्लेखही नाही. चाहत्यांच्या मेळ्यांची नावंही तशीच: ब्रिककॉन, ब्रिकवर्ल्ड. आमच्या चिन्हाचा वापर करू नका, आमच्या वतीने बोलतोय असं भासवू नका, बाकी खुशाल बांधा, दाखवा, जमा, असे कंपनीचे नियम आहेत. २००३-०४मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात आली होती. त्यानंतर तिने मोठ्या चाहत्यांचं ऐकायला सुरुवात केली. पुढे ‘लेगो आयडियाज’ योजनेत चाहत्याने सुचवलेल्या रचनेला दहा हजार मतं मिळाली आणि कंपनीने ती बाजारात आणली, तर त्याला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळू लागला. इथे रॉयल्टीची दिशाच बदलली.

लेगोचंही एकदा चुकलं. चिनी कलावंत आय वेईवेई यांनी २०१४मध्ये अल्काट्राझ बेटावर राजकीय कैद्यांची चित्रं विटांनी मांडली होती. २०१५मध्ये मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी त्यांनी घाऊक विटा मागितल्या तेव्हा राजकीय कामाला विटा देत नाही, म्हणून कंपनीने नकार दिला. मग लोकच पुढे आले. बर्लिन, लंडन, मेलबर्नमध्ये ठिकठिकाणी मोटारी उभ्या केल्या गेल्या, छताची काच थोडी उघडी. येणाऱ्याजाणाऱ्यांनी घरच्या विटा त्या फटीतून आत टाकायच्या. मागच्या सीटवर मुलांच्या खोक्यांतल्या रंगीत विटांचे ढीग साचत गेले. मेलबर्नची ती कलाकृती शेवटी दुसऱ्या बनावटीच्या विटांनी उभी राहिली. जानेवारी २०१६पासून कंपनीने घाऊक खरेदीचं कारण विचारणं बंद केलं. फक्त सार्वजनिक प्रदर्शनात आमचा पाठिंबा नाही हे स्पष्ट करा, एवढीच अट राहिली.

दाराशी येणारा मेळा

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही सुट्ट्यांच्या दिवसांत परदेशी खेळण्यांची नावं लावून सोहळे भरतात आणि पुढच्या काळात ते वाढतील. त्यांचं स्वागत व्हावं. दिवाळीत अंगणातला किल्ला बांधणारी मुलं माती, पोतं, हळीव आणि मावळे घेऊन जे करतात ते आणि यंत्रमानवाच्या संग्राहकाचं वेड यात मुळात अंतर नाही. दोघांनाही आपण बांधलेलं दुसऱ्याला दाखवायचं असतं.

पण परवाना देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी करारात तीन ओळी वाढवाव्यात, अशी मागणी चाहत्यांनी आता मोठ्याने करायला हवी. परवाना संपला तर पैसे भरलेल्यांचा माल आणि अर्धी राहिलेली कथा कोण पुरी करणार, हे आधीच लिहून ठेवावं. नफ्यासाठी नसलेल्या चाहतामेळ्यांना अनन्य परवान्याच्या बाहेर ठेवावं. आणि फिरतं प्रदर्शन ज्या शहरात जाईल तिथल्या संग्राहकांना त्यांचा संग्रह मांडायला एक दालन राखून ठेवावं. संयोजकाच्या गुंतवणुकीला यातल्या एकाही ओळीने धक्का लागत नाही. चाहत्यांचं दालन असेल तर उलट जास्त माणसं येतील.

तिकीट काढताना वाचकांनीही एक गोष्ट विचारावी: इथे आमच्या गावच्या मुलांनी आणि संग्राहकांनी बनवलेलं, जमवलेलं काही मांडलं आहे का? नसेल तर संयोजकाला तसं सांगावं, लेखी सांगावं. हॅस्ब्रोचा हॅसकॉन २०१७मध्ये एकदाच भरला. कॅनडात चाहत्यांनी २००२मध्ये, कुणाचाही परवाना न घेता सुरू केलेला टीएफकॉन अजून भरतो.